ताईने आक्काला कुठे कुठे ठेवलं

माझ्या बहिणीला हट्टी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, फक्त माझ्यासमोर म्हणू नका. गेल्या वर्षभरात आमच्या घरात तिला काय काय म्हणून झालं. घर फोडणारी, भाचीच्या लग्नात खोडा घालणारी, नसती भुतं उकरणारी. एका चुलत वहिनीने तर मला फोनवर सांगितलं की बाई गं, तिला एकदा कुणाला तरी दाखवून आणा. हे आमच्या घराबद्दल बोलणं, जिथून एका बाईला असंच दाखवायला म्हणून नेलं आणि परत आणलंच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन आपटणार होते, पण तो माझाच होता.

तर ताई. ती कवळ्या करते. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेतात आणि तो ठसा तिच्या लॅबमध्ये येतो. ती त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढते, साच्यावर मेण चढवते, मेणात एकेक दात बसवते, आणि मग त्याची खरी कवळी होते. लॅब म्हणजे एका छापखान्यामागची लांबट खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर छोटा बर्नर आणि घासायचं यंत्र, आणि जिकडे बघाल तिकडे पांढरी धूळ. संध्याकाळपर्यंत तिच्या भुवया पांढऱ्या होतात आणि ती तशीच बाजारात जाते. लग्न तिने केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, वेळच झाला नाही.

त्या लॅबच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या आहेत आणि फळ्यांवर जुने साचे. अर्ध्या गावाची तोंडं तिथे आ वासून बसली आहेत. मालक दरवर्षी म्हणतो, बाई, टाकून द्या हो, किती जागा खातात. ताई म्हणते, माणूस कवळी हरवून दारात उभा राहिला की त्याला उत्तर तुम्ही देणार का? मालकाने केव्हाच हात टेकले आहेत.

घराण्याच्या इतिहासाचा नाद तिला आमचे बाबा गेल्यावर लागला. कपाट आवरताना फोटोंची एक पिशवी निघाली, आणि त्यातल्या निम्म्या माणसांना आमच्यातलं कुणी ओळखेना. दादा म्हणाला, टाका. दादा आमचा थोरला भाऊ. बँकेत साहेब होता, निवृत्त झाला तरी घरात अजून साहेबच आहे. तो टाका म्हणाला म्हणजे टाकायचं असतं. ताईने पिशवी उचलली आणि लॅबमध्ये नेली.

मग सुरू झालं. फोटोंचे फोटो काढ, जुने दाखले शोध, नातेवाइकांची बोलणी रेकॉर्ड कर. यातही तिची एक रीत होती. म्हातारी माणसं समोर फोन धरला की बोलत नाहीत, नुसती घसा खाकरतात. म्हणून ही त्यांना कवळी करून द्यायची. नवी कवळी घातली की माणसाला बोलून बघावंच लागतं, कुठे टोचते, कुठे सुटते ते कळायला. ही त्यांच्यादेखत फोन चालू करून ठेवायची आणि म्हणायची, बोला काहीतरी. काय बोलू? लहानपणी कुठे राहायचात ते सांगा की. आमची एक मावशी अशी दुपारी बोलायला बसली ती दिवे लागल्यावर उठली, आणि कवळी टोचत होती हे सांगायचंच विसरली.

आता आक्का. आक्का म्हणजे आमची आत्या, बाबांची बहीण. बाबा आणि काका तिला आक्का म्हणायचे म्हणून आम्हीही आक्काच म्हणतो. म्हणतो म्हणजे काय, तिचा विषयच निघायचा नाही. आम्हाला लहानपणापासून एवढंच सांगितलेलं की आक्का तरुणपणी तापात गेली. ताईने केलेल्या वंशावळीत तिच्या नावाखाली तसंच लिहिलेलं होतं.

एक दिवस लॅबमध्ये एका वृद्धाश्रमातून आलेले ठसे होते. ताई त्यातला एक साचा काढून कडा तासत होती आणि मध्येच थांबली. टाळूवरच्या वळ्या, डावीकडे वाकलेली हिरडी, खालच्या जबड्याची ती अरुंद कमान. तिला वाटलं बाबांचाच जुना साचा चुकून हातात आला. फळीवरून बाबांचा साचा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. मग चिठ्ठीवरचं नाव वाचलं. आडनाव आमचं होतं. मला तिने बेकरीत फोन केला, मी तिथे गल्ल्यावर असते, समोर गिऱ्हाइकांची रांग. ती म्हणाली, "आक्का जिवंत आहे." मी म्हटलं, कोण आक्का? खरंच, मला कळेचना ती कुणाबद्दल बोलतेय.

कवळी द्यायला ताई स्वतः गेली. आक्काने तिच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू कुणाची?" ताईने बाबांचं नाव सांगितलं. आक्का म्हणाली, "कवळी आधी घाल. मला नीट बोलायचंय." आणि नवे दात तोंडात बसल्यावर ती बोलली. आजोबांनी घराची वरची खोली तिला शिवणकामाला दिली होती. आजोबा गेल्यावर घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं. ती म्हणाली, लग्न नको, मला माझी खोली बास. त्यावरून रोज भांडणं. एक दिवस बाबा म्हणाले, चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ. नेलं वेड्यांच्या इस्पितळात. तिथे ती किती वर्षं राहिली, बरी आहे असं डॉक्टरांनी लिहून दिल्यावरही घरून न्यायला कुणी कसं आलं नाही, मग तिथल्याच धोबीखान्यात तिने नोकरी कशी धरली, हे सगळं तिने सांगितलं. रडली नाही. ताईने विचारलं होतं, फोन चालू ठेवू का? आक्का म्हणाली, "ठेव. मी वेडी नव्हते एवढं कुठेतरी राहू दे."

हे रेकॉर्डिंग. सगळा झगडा त्याचाच आहे.

त्याच वर्षी आक्काला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं, ऐकते, डोळ्यांनी हसतेसुद्धा, पण तोंडातून शब्द येत नाही. म्हणजे जे काही ती सांगून गेली ते त्या एका रेकॉर्डिंगमध्ये. परत सांग म्हणायची सोय उरली नव्हती.

आता हे सगळं ठेवलं कुठे होतं? दादाने क्लाउडवर जागा घेतली होती, त्यात. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला त्याला या उद्योगाचं कौतुक होतं. 'आपलं घराणं' असा फोल्डर केला, घरातल्या सगळ्यांना दिला, कसा उघडायचा ते ग्रुपवर समजावलं. माझ्या फोनवर तो दिसायचा, काकांच्या टॅबवर दिसायचा, भाचीच्या लॅपटॉपवर दिसायचा. मीच ताईला म्हटलं होतं, अगं, इतक्या जणांकडे आहे, जातंय कुठे. सगळ्यांचाच हा समज. जितके फोन तितक्या प्रती, असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत एकच होती, आणि ती दादाच्या खात्यात होती. आम्ही नुसते खिडकीतून आत बघत होतो.

आणि ताईनेही करायचा तो गाढवपणा केला. तिचा फोन भरला. फोनने विचारलं, फाइली वर चढल्या आहेत, इथल्या काढून जागा मोकळी करू का? तिने दाबलं 'हो'. जी बाई कुणा परक्याच्या दाढेचा साचा टाकत नाही, तिने आक्काचं बोलणं स्वतःच्या फोनमधून स्वतःच्या अंगठ्याने काढलं. मी हे तिला अजून ऐकवते. ती म्हणते, ऐकव, माझी चूक आहे.

मग भाचीचं स्थळ आलं. भाची म्हणजे दादाची मुलगी. पोरगी हुशार, मुलगा तिनेच पसंत केलेला, फक्त दोन्हीकडच्यांनी बसून बोलायचं बाकी. दादाने आक्काच्या रेकॉर्डिंगचा सुरुवातीचा थोडा भाग ऐकला आणि आम्हा दोघींना घरी बोलावलं.

"ते काढून टाक," तो ताईला म्हणाला.

"का?"

"उद्या मुलाकडचे विचारतील, घरात वेड आहे का. आणि बाबांबद्दल लोक काय म्हणतील याचा विचार केलास?"

"बाबांनी जे केलं ते म्हणतील."

"माणूस गेल्यावर त्याच्यावर चिखलफेक करायची?"

"आक्का जिवंत असताना तिला आपण मेली म्हणालो, ते चाललं का?"

दादाचा चेहरा उतरला, पण तो हटला नाही. म्हणाला, "पूर्ण ऐकायची मला गरज नाही. घरात राहायचं तर काही गोष्टी झाकाव्या लागतात."

"मी तुझ्या घरात राहत नाही," ताई म्हणाली आणि चपला घालून निघाली. मी मागे राहिले, कारण वहिनीने चहा टाकला होता आणि मला दादाला आणखी चार शब्द सुनवायचे होते. सुनवले. त्याने एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं. बोलता बोलता माझं लक्ष जिन्याकडे गेलं. आजोबांच्या या घरात वरच्या खोलीत दादा झोपतो, त्याचं लग्न झाल्यापासून.

पुढे काही दिवसांनी बेकरीतल्या माझ्या मैत्रिणीला मी कौतुकाने आमचा फोल्डर दाखवायला गेले, तर आक्काचा भाग गायब. मला वाटलं माझाच फोन बिघडला. ताईला फोन केला, तिच्याकडे नाही. भाचीच्या लॅपटॉपवर नाही. सगळ्यांकडून एकदमच गेलं होतं. दादाला विचारलं तर थंडपणे म्हणाला, "खातं माझं आहे. जागा भरत आली होती. कचऱ्याची पेटीही रिकामी केली." आक्का आता बोलू शकत नाही हे त्याला माहीत होतं. पुसताना माहीत होतं. माझा राग आहे तो त्यासाठी, आणि तो जायचा नाही.

ताई भांडेल असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले तर एकाच कवळीचा दात काढत होती, बसवत होती, परत काढत होती. म्हणाली, "तिने मला एकच गोष्ट राखायला दिली होती." मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले, कपड्यांना धूळ लागली तरी.

अक्कल चालवली ती भाचीने. ती संध्याकाळी लॅबवर आली, बापाशी कडाक्याचं भांडून. म्हणाली, "आत्या, पुसलेलं सगळीकडून जातं ते नेट लागल्यावर जातं. ज्या मशीनला मधल्या काळात नेट लागलंच नसेल, त्यात ते अजून असू शकतं. असं कोण आहे?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काका. बाबांचा आणि आक्काचा धाकटा भाऊ, एकटाच राहतो, जगाशी भांडण मांडून बसलेला. नेटच्या कनेक्शनवाल्याशी त्याचं वाजलं होतं आणि त्याने तणतणत कनेक्शन कापून टाकलं होतं. तेव्हा आम्ही त्याला किती नावं ठेवली होती.

ताईने फोन लावला. "काका, टॅबला हात लावू नका."

"का? फुटणार आहे का?"

"फुटला तर परवडला. कुणाच्या नेटला जोडू नका म्हणजे झालं. आम्ही येतोय."

काकांची खोली तळमजल्यावर आहे. एक पलंग, एक रेडिओ, औषधांचा डबा, आणि पुसून चकचकीत ठेवलेला टॅब. ताईने आम्हा दोघींचे फोन दाराबाहेरच बंद करायला लावले. आत जाऊन आधी टॅब विमानात बसल्यावर ठेवतात तसा केला, म्हणजे शेजारपाजारचं नेटही आपण होऊन लागायला नको. मग फोल्डर उघडला. आक्काचं रेकॉर्डिंग होतं. शेजारी छोटी खूण, म्हणजे ते टॅबमध्येच उतरवून ठेवलेलं.

"हे तुम्ही उतरवून ठेवलंत?" ताईने विचारलं.

"ऐकतो अधूनमधून," काका म्हणाले आणि उगाच रेडिओची तार सरळ करायला लागले.

मिळालं म्हणून आम्ही खूश, पण बाहेर काढता येईना. कुठेही पाठव म्हटलं की ते ॲप नेट मागायचं, आणि नेट दिलं की तेच पुसून बसणार. भाचीने बरीच खटपट केली. शेवटी ताई म्हणाली, "सोड. वाजव. मी समोर फोन धरून रेकॉर्ड करते." पूर्वी लोक गाण्यांच्या कॅसेटी करायचे तसं, एका टेपरेकॉर्डरसमोर दुसरा ठेवून.

खिडकी लावली. पंखा बंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. शेजारच्या घरात जाऊन भाची सांगून आली की कृपा करून आता काही कुटू नका, ठोकू नका. आणि मला ताईने बजावलं, "तू तोंड उघडायचं नाहीस." मला. माझ्या जन्मात मी एवढा वेळ गप्प बसलेली नाही. घामाने भिजलो, कुणी हललं नाही, आणि त्या बंद खोलीत आक्का सगळं बोलत राहिली. मी ते तेव्हा पहिल्यांदा सलग ऐकलं. आधी तुकडे तुकडे ऐकले होते, भाजी चिरता चिरता.

आक्काचं बोलणं संपलं आणि ताई फोन बंद करणार, तेवढ्यात काका बोलले. "गाडीचं दार मी उघडलं होतं. मिसरूड फुटलं नव्हतं मला. आक्का आत बसताना मला म्हणाली, निदान तू तरी नको." एवढंच. मग नाक पुसलं आणि आम्हाला विचारलं, चहा टाकू का.

ते सगळं ताईच्या फोनमध्ये गेलं होतं. मी नंतर स्वयंपाकघरात तिला कुजबुजून म्हटलं, शेवटचं काप गं, बिचारा म्हातारा. तिने सरळ जाऊन काकांनाच विचारलं, काढू का? काका म्हणाले, "राहू दे. फोन चालू होता हे मला दिसत होतं."

आता ते परत जाऊ द्यायचं नाही, ही ताईची जिद्द. बाजारात कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथल्या मुलीपुढे ती जाऊन बसली. मी सोबत होते. त्या मुलीला वाटलं गिऱ्हाईक डिस्क घेईल आणि जाईल. ताईने तिला विचारलं, आग लागली तर? चोरी झाली तर? क्लाउडवाली कंपनीच बंद पडली तर? पासवर्ड विसरले तर? मी मेले तर? मुलगी शहाणी होती, वैतागली नाही. म्हणाली, "मावशी, सगळीकडे एकाच वेळी दिसतं ते बॅकअप नव्हे. एकीकडे पुसलं तर दुसरीकडे शाबूत राहतं तो बॅकअप. एक प्रत घरी, एक दुसऱ्याच्या घरी, एक क्लाउडवर. आणि घरची डिस्क काम झालं की काढून ठेवायची, जोडलेली ठेवायची नाही."

"क्लाउड कुठलं घेऊ?"

"ज्याची चावी तुमच्या हातात राहील ते. आणि पुसलेलं बराच काळ परत मिळतं का, तेवढं विचारून घ्या."

ताईने विचारून घेतलं. घाई केली नाही. एका ठिकाणी पुसलेलं लवकरच कायमचं जायचं, ते नको म्हणाली. एका ठिकाणी बरंच फुकट होतं, पण बराच काळ उघडलं नाही तर खातंच बंद, तेही नको, मी आजारी पडले तर? शेवटी एक घेतलं, स्वतःच्या नावावर. त्यात घरातल्या सगळ्यांना घेतलं, दादालासुद्धा, पण प्रत्येकाला फक्त बघायची मुभा. ऐका, वाचा, स्वतःसाठी उतरवून घ्या. पुसता कुणालाच येणार नाही. एक डिस्क लॅबमध्ये साच्यांच्या फळीवर, एक माझ्या घरी चादरींच्या कपाटात. पासवर्ड तिच्याकडे आणि भाचीकडे. आणि ठरावीक दिवशी ती माझ्याकडे येऊन माझी डिस्क जोडते आणि आक्काचं रेकॉर्डिंग नुसतं आहे का बघत नाही, लावून ऐकते. मी म्हणते, अगं नाव दिसतंय ना, झालं की. ती म्हणते, "नाव तर वंशावळीतही होतं."

फोल्डर परत दिसल्यावर दादा लॅबमध्ये आला. आयुष्यात पहिल्यांदा. कोटावर धूळ बसू नये म्हणून अंग चोरून उभा राहिला. मी होते, भाचीही होती, आणि ते त्याला बरं वाटलं नाही.

"मी पुसलं होतं," तो म्हणाला.

"हो. आणि आम्ही परत आणलं," ताई म्हणाली. हातातलं काम थांबवलं नाही.

"तुझ्या या खुळापायी हिचं लग्न मोडलं तर?"

भाची म्हणाली, "बाबा, त्याला मी ते केव्हाच ऐकवलंय. तुम्ही पुसायच्या आधी. तो मला म्हणाला, आक्कांना भेटायला कधी जायचं."

दादाला तोंडात मारल्यासारखं झालं. थोडा वेळ तो फळ्यांवरच्या साच्यांकडे बघत राहिला. मग त्याने जे विचारलं ते, मी कितीही चिडलेली असले तरी कबूल करते, बरोबर विचारलं. "सगळ्यांना ऐकवताय. आक्काला विचारलंत का? तिने तुला एकटीला सांगितलं होतं. आख्ख्या घराने ऐकावं असं ती म्हणाली होती का?"

ताईने यंत्र बंद केलं. हात धुतले. मला माहीत आहे, हा प्रश्न तिलाही छळत होता. आक्का म्हणाली होती, कुठेतरी राहू दे. कुठे, कुणापुढे, हे म्हणाली नव्हती.

"चल, विचारू," ताई म्हणाली. "ती नको म्हणाली तर तुझ्यासमोर सगळीकडून काढते. लॅबमधून, हिच्या घरून, क्लाउडवरून. पण तू यायचंस."

मी म्हटलं, वेडी आहेस का, आणि म्हणता क्षणी जीभ चावली.

आम्ही चौघं एकाच गाडीतून गेलो. वृद्धाश्रमाची खोली लांब, दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येक पलंगाशी एक छोटं कपाट. आक्का खिडकीशी उशीला टेकून बसली होती. दादाला तिने ओळखलं नसणार, पण त्याचा चेहरा बाबांचाच आहे. तिची नजर त्याच्यावरून हलेना. मला वाटलं आत्ताच्या आत्ता याला बाहेर न्यावं.

ताई तिच्याजवळ बसली. काहीही गोड करून सांगितलं नाही. म्हणाली, "आक्का, तू मला सांगितलंस ते मी घरातल्या सगळ्यांना ऐकायला ठेवलंय. हा दादा, माझा भाऊ. याचं म्हणणं, ते पुसावं. याने एकदा पुसलंही होतं. आम्ही परत मिळवलं. तुझं आहे, तू सांग. नको म्हणालीस तर काढते."

ताईने फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. आक्काला स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि तिचे ओठ हलायला लागले, शब्दांबरोबर, नुसतेच. शेजारच्या पलंगावरच्या आजी उठून बसल्या. बाबांचं नाव आलं तसा दादा पुढे झाला आणि फोन बंद करायला त्याने हात घातला. म्हणाला, "पुरे, तिला त्रास होतोय."

आक्काने तिच्या चालत्या हाताने, डाव्या हाताने, त्याचं मनगट धरलं. मी ती पकड पाहिली. आयुष्यभर ओल्या चादरी पिळलेला हात होता तो. तिने त्याचा हात फोनवरून उचलला आणि बाजूला केला. मग बोटाने आवाज वाढवायचं बटण शोधायला लागली. भाची मदतीला वाकली तर तिने मान हलवली. स्वतःच शोधलं, स्वतःच दाबलं, पार शेवटपर्यंत. खोलीभर तिचा आवाज झाला. मी वेडी नव्हते. दाराशी आयाबाई थांबली, समोरच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. शेवटी काकांचं ते वाक्य आलं, गाडीच्या दाराचं. आक्काने डोळे मिटले. मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे पाहिलं नाही, ती आक्काच्या चेहऱ्याकडे बघत होती.

मग आक्काने डोळे उघडले. दादा अजून उभाच होता, दाराकडे तोंड करून. तिने हाताने पलंगावर थापटलं, आपल्या शेजारी, दोनदा. दादाला कळलं, पण तो हलला नाही. तिने पुन्हा थापटलं. तेव्हा तो आला आणि कडेवर बसला. आक्काने ताईकडे बघून बोट फोनवर ठेवलं, आणि ताईने रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं.